सर फ्रेडरिक पोलॉक आणि हिंदुस्थानची न झालेली अपकृत्यसंहिता

कायद्याच्या पुस्तकातील आकडे लोकांच्या तोंडी बसावेत, असे सहसा घडत नाही. तथापि एक आकडा आमच्या मराठीत असा काही रुळला आहे की, ज्याने जन्मात कधी कचेरीची पायरी चढली नाही तोही लबाड माणसास 'चारशेवीस' म्हणून मोकळा होतो. हा आकडा १८६० सालच्या दंडसंहितेतील फसवणुकीच्या कलमाचा होय. ती संहिता १ जुलै २०२४ रोजी जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे कलमही निराळ्या आकड्याखाली गेले. परंतु भाषेत शिरलेला शब्द काही बाहेर पडला नाही. संहितेचा हा एक गुण वाचकांनी ध्यानात ठेवावा. ती वकिलांसाठी लिहिली जाते खरी, पण पुष्कळ काळ टिकली म्हणजे लोकांच्या बोलण्यात उतरते, आणि आपला हक्क कोणता व दुसऱ्याचा अपराध कोणता ह्याची अंधुक का होईना, जाणीव त्यांस देते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ पावसाळ्यात रस्त्यावरील उघड्या राहिलेल्या गटारात पडले आणि मांडीचे हाड मोडून सहा महिने अंथरुणास खिळले. समाचारास येणाऱ्यांपैकी कोणी दैवास बोल लावला, कोणी राज्यकारभारास लावला, आणि एकाने 'पोलिसांत वर्दी दिली का?' असे विचारले. ज्यांच्या हयगयीमुळे झाकण उघडे राहिले त्यांजवर दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावता येतो, ही गोष्ट मात्र जमलेल्या आठ-दहा सुशिक्षितांपैकी एकाच्याही मनात आली नाही. खरे सांगावयाचे तर ती आमच्याही मनात आली नाही. आम्ही पंचवीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवीत आहो. इंग्रजी कायद्याच्या इतिहासावर चार ग्रंथ वाचलेले आहेत. आणि तरीही बिछान्याशेजारी बसून आम्हांस दैवापलीकडे काही सुचले नाही, ह्याची पुढे लाज वाटली. ह्या अज्ञानाचे मूळ शोधू जाता आम्ही ज्या पुरुषापाशी येऊन पोहोचलो, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

एकाने दुसऱ्याचे नुकसान केले म्हणजे त्याच्या तीन तऱ्हा संभवतात. राज्यसंस्थेने शिक्षा करण्याजोगे कृत्य असेल तर तो गुन्हा. दोघांत ठरलेली गोष्ट मोडली असेल तर तो करारभंग. परंतु ठराव काही झालेला नाही, आणि तरीही एकाच्या कृतीने किंवा बेफिकिरीने दुसऱ्याच्या देहास, मालमत्तेस वा अब्रूस अपाय पोहोचला, तर त्याची भरपाई मागण्याचा जो हक्क उत्पन्न होतो, त्याच्या मुळाशी असलेल्या कृत्यास इंग्रजीत टॉर्ट आणि आपल्याकडे अपकृत्य म्हणतात. टॉर्ट ह्या शब्दाचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ पिळलेले, वाकडे असा आहे. वाईट वागणाऱ्याचे पाऊल वाकडे पडले असे आपणही म्हणतोच.

ह्या वाकड्या पावलांचे शास्त्र बांधणारा सर फ्रेडरिक पोलॉक हा १८४५ साली लंडन येथे जन्मला. घराणे कायदेपंडितांचे. आजोबा, त्यांचेही नाव फ्रेडरिकच, एक्स्चेकर न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. नातवाचे शिक्षण ईटन येथे व नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. १८६८ साली तो त्या कॉलेजाचा फेलो झाला व १८७१ साली त्याने बॅरिस्टरीची सनद घेतली. परंतु वकिलीच्या धावपळीपेक्षा ग्रंथलेखनाकडे त्याचा ओढा अधिक होता. १८७६ साली करारांच्या कायद्यावरील त्याचा ग्रंथ निघाला, पुढच्याच वर्षी भागीदारीच्या कायद्यावरील निघाला, आणि १८८० साली स्पिनोझा ह्या तत्त्ववेत्त्याचे चरित्र व तत्त्वज्ञान ह्यांवर त्याने लिहिले. प्रसिद्ध खटल्यांच्या निकालांवर विडंबनात्मक कविताही त्याने रचल्या. आल्प्स पर्वत चढण्याचा व तलवारबाजीचा नाद त्यास होता, तो निराळाच. १८८३ साली ऑक्सफर्ड येथे न्यायशास्त्राच्या अध्यापकपदी त्याची नेमणूक झाली. त्याच आसनावर पूर्वी सर हेन्री मेन बसले होते व त्यापूर्वी ते हिंदुस्थान सरकारचे विधिमंत्री होते. पोलॉकने ते आसन वीस वर्षे भूषविले.

त्या वेळी इंग्लंडातील अपकृत्यांच्या कायद्याची स्थिती जुन्या वाड्यातील अडगळीच्या खोलीसारखी होती. प्रहार, अतिक्रमण, अब्रूनुकसानी, उपद्रव असे प्रत्येक अपकृत्याचे नाव निराळे आणि त्याच्या दाव्याचा साचाही निराळा होता. साचे कायद्याने मोडले होते, तरी वकिलांच्या डोक्यांतून ते गेले नव्हते. पोलॉकचे म्हणणे असे की, ही सुटी सुटी अपकृत्ये नसून त्यांच्या मागे एकच तत्त्व आहे. योग्य कारणावाचून दुसऱ्यास अपाय करू नये आणि केल्यास तो भरून द्यावा, हे ते तत्त्व. पुढे १९०७ साली न्यूझीलंडच्या सामंड ह्या पंडिताने ह्याच्या उलट पक्ष मांडला. कायद्याने ठराविक खण केले आहेत. ज्याची तक्रार कोणत्याही खणात बसत नाही त्यास दाद नाही, असे त्याचे मत होते. हा वाद वरवर पाहता केवळ शास्त्रीय वाटतो, पण त्यात सामान्य माणसाचे हित गुंतलेले आहे. नव्या काळात नवे अपाय उत्पन्न होतात. त्यांसाठी नवा खण करावयाचा तर तो कोणत्या आधारावर, ह्याचे उत्तर पोलॉकच्या तत्त्वात आहे, सामंडच्या खणांत नाही.

ह्याच सुमारास हिंदुस्थानात संहिताकरणाचे वारे वाहत होते. मेकॉलेच्या खटपटीचे फळ म्हणून १८६० साली दंडसंहिता झाली. १८७२ साली कराराचा व पुराव्याचा कायदा झाला. १८७९ साली व्हिटली स्टोक्स, सर चार्ल्स टर्नर आणि मुंबई हायकोर्टाचे रेमंड वेस्ट ह्या तिघांच्या आयोगाने आणखी संहिता कराव्यात अशी शिफारस केली, तीत दिवाणी अपकृत्यांचा विषय होता. हे काम हिंदुस्थान सरकारने पोलॉककडे सोपविले आणि १८८६ साली त्याने 'सिव्हिल राँग्ज बिल' नावाचा मसुदा सिद्ध केला. मेकॉलेने घालून दिलेल्या वळणावर त्यात कलमांखाली उदाहरणे दिली होती, जेणेकरून न्यायाधीशास व वाचणारासही नियमाचा अर्थ प्रत्यक्ष प्रसंगावरून कळावा.

मसुदा विलायती पंडिताने लिहिला म्हणून तो विलायतेची निव्वळ नक्कल होता असे मात्र कोणी समजू नये. ह्याचे एक उदाहरण देतो. लँकेशायर परगण्यात रायलँड्झ नावाच्या गिरणीमालकाने एक तलाव बांधविला. त्याचे पाणी जुन्या, बुजलेल्या खाणींच्या वाटेने शेजारच्या फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरून ती बुडाली. मालकाची स्वतःची हयगय काही नव्हती. एक्स्चेकर न्यायालयाने १८६५ साली बहुमताने मालकास सोडले. ह्या बहुमतात पोलॉकचे आजोबा होते. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि १८६८ साली लॉर्डांच्या सभेने त्यावर शिक्कामोर्तब केले. निसटली असता घात करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणतो, त्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर आणली असे समजावे, हयगय असो वा नसो, असा नियम त्यातून निघाला.

नातवासही हा नियम कठोर वाटला. आजोबांचा अभिमान त्यात किती होता हे सांगता येत नाही. पण हिंदुस्थानापुरते पाहिले तर त्याच्या बाजूस बळकट आधार होता. मद्रास इलाख्यात कार्वेतीनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले, त्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १८७४ साली असे ठरविले होते की, ज्या देशात शेती तलावांच्या पाण्यावर जगते आणि ते तलाव राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, तेथे हयगय शाबीत झाल्यावाचून त्यास दोष देता येत नाही. पोलॉकने मसुद्यात मध्यम मार्ग काढला. धोक्याची वस्तू बाळगणाराने होईल ती सर्व काळजी घ्यावी. घात झाल्यास तो जबाबदार. मात्र अशी काळजी घेतली होती हे त्याने स्वतः शाबीत केले तर सुटावा. म्हणजे पुराव्याचे ओझे नुकसान सोसणाऱ्या गरिबाच्या डोक्यावरून उतरून वस्तूच्या मालकाच्या डोक्यावर गेले. हा मोठा लाभ होता.

परंतु मसुदा कायदा झाला नाही. १८८२ साली मालमत्ता-हस्तांतरण, न्यास, सुविधाधिकार वगैरे अनेक कायदे एकदम झाल्यानंतर संहिताकरणाचा उत्साह ओसरला होता. शिवाय अशा कायद्यावाचून कोणाचे अडत होते? जमिनीचे, वारशाचे, कर्जाचे दावे हजारोंनी येत. अपकृत्याचे क्वचित येत. दावा जेवढ्या रकमेचा, त्या मानाने न्यायालयाचे शुल्क आधी भरावे लागे. हात मोडलेल्या मजुराने ते कोठून भरावे? दावे थोडे म्हणून संहिता नको, आणि संहिता नाही म्हणून हक्क ठाऊक नाही, हक्क ठाऊक नाही म्हणून दावे थोडे, असे हे रहाटगाडगे फिरत राहिले. मसुदा दप्तरात पडला. पोलॉकने १८८७ साली अपकृत्यांवरील आपला विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो परिशिष्ट म्हणून शेवटी छापला.

येथे ह्या हकीकतीस एक चमत्कारिक कलाटणी मिळते. जे काम कायद्याने व्हावयाचे ते ग्रंथाने केले. आपल्या मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ सालच्या चौथ्या रेग्युलेशनाने न्यायाधीशांस असा क्रम घालून दिला होता की, कायदा असेल तर कायदा, नसेल तर देशरिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि ह्यांपैकी काहीच नसेल तर न्याय, नीती व सद्विवेक ह्यांस अनुसरून निकाल करावा. आता सद्विवेक म्हणजे नेमके काय? मुंबई हायकोर्टाकडून गेलेल्या वाघेला राजसंजी ह्यांच्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने ह्याचे उत्तर असे दिले की, इकडील समाजास व परिस्थितीस लागू पडत असतील तर इंग्रजी कायद्याचे नियम. हा निकालही १८८७ सालचाच. एकाच वर्षी न्यायाधीशांस इंग्रजी नियम पाहण्याची आज्ञा झाली आणि ते नियम एका तत्त्वात गोवून दाखविणारे पुस्तक बाजारात आले! कोणत्याही ग्रंथकाराच्या कुंडलीत असा योग क्वचित येतो. पोलॉकच्या हयातीत त्या ग्रंथाच्या तेरा आवृत्त्या झाल्या, तेरावी १९२९ साली. न्यायाधीशांच्या मेजावर तो राहू लागला.

हिंदुस्थानाशी त्याचा संबंध तेथे तुटला नाही. १८९४ साली कलकत्त्याच्या टागोर व्याख्यानमालेत फसवणूक, चुकीचे निवेदन व गैरसमज ह्यांसंबंधी ब्रिटिश हिंदुस्थानातील कायद्यावर त्याची व्याख्याने झाली. १९०५ साली मुंबईचे दिनशा फरदुनजी मुल्ला ह्यांच्यासह त्याने कराराच्या कायद्यावर जी टीका लिहिली, ती 'पोलॉक-मुल्ला' ह्या जोडनावाने आजही नव्या आवृत्त्यांतून वकिलांच्या हाती आहे. इकडे मुंबईतच रतनलाल रणछोडदास ह्यांनी अपकृत्यांवर ग्रंथ लिहून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांची सोय केली. पुढे केंब्रिजच्या विनफील्डने खण की तत्त्व ह्या वादात पोलॉकचा पक्ष उचलला, तोही १९३० सालच्या टागोर व्याख्यानांतच. म्हणजे ह्या शास्त्राचा एक मोठा वाद कलकत्त्याच्या व्यासपीठावर लढला गेला, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे.

पोलॉकच्या उरलेल्या आयुष्याविषयी थोडक्यातच सांगतो. 'लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यू' ह्या त्रैमासिकाचे त्याने १८८५ पासून १९१९ पर्यंत संपादन केले, आणि 'लॉ रिपोर्ट्स' ह्या निकालसंग्रहाचे १८९५ पासून १९३५ पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत. १८९५ साली निघालेल्या इंग्रजी कायद्याच्या इतिहासावर मेटलंडच्या जोडीने त्याचे नाव आहे; परंतु त्या ग्रंथाचा फार मोठा भाग मेटलंडचा आहे, हे त्याने प्रस्तावनेतच सांगून टाकले. दुसऱ्याच्या श्रमांवर आपले नाव घालणारे पंडित पुष्कळ दिसतात, त्यांत हा प्रांजळपणा उठून दिसतो. अमेरिकेच्या न्यायमूर्ती होम्सशी त्याचा पत्रव्यवहार १८७४ पासून १९३२ पर्यंत चालला. अठ्ठावन्न वर्षे दोन पंडितांनी सागरापलीकडून एकमेकांस पत्रे लिहावीत आणि त्यांत कायद्यापासून स्पिनोझापर्यंत सर्व काही यावे, हा स्नेहाचा दुर्मिळ नमुना होय. १९३७ साली, एक्याण्णव वर्षांचा होऊन, तो निवर्तला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. संहिता झाली नाही हे बरे झाले की वाईट? बरे झाले म्हणणारांचा पक्ष दुबळा नाही. कलमांत न बांधलेला कायदा काळाप्रमाणे वाकतो. तोंडी बदनामीचा दावा चालण्यास पैशाचे नुकसान दाखविले पाहिजे, असा इंग्रजी नियम सामान्यतः असे; मद्रास हायकोर्टाने १८८४ साली तो इकडील समाजास लावण्याचे नाकारले व अब्रू हीच जेथे संपत्ती तेथे नुसती शिवी-कलंकही पुरेसा मानला. संहितेवाचूनही न्यायाधीश शहाणपण दाखवू शकतो, ह्याचा हा दाखला.

परंतु ह्या पक्षाची खरी परीक्षा भोपाळात झाली. १९८४ सालच्या डिसेंबराच्या दोन-तीन तारखांच्या रात्री विषारी वायूने हजारो माणसे मेली. भारत सरकारने दावा लावला तो अमेरिकेत, न्यूयॉर्क येथील न्यायालयात. आणि तेथे सरकारच्या बाजूने प्रतिपादन झाले की, भारतातील अपकृत्यांचा कायदा अविकसित असून एवढा मोठा दावा तेथील न्यायालयांस पेलणार नाही. उलट बाजूने, म्हणजे कंपनीच्या तर्फेने, मुंबईचे नामांकित कायदेपंडित नानी पालखीवाला ह्यांनी भारतीय न्यायव्यवस्था समर्थ असल्याचे प्रतिज्ञापत्र दिले. राष्ट्राने आपल्या न्यायाची उणीव परक्या दरबारी सांगावी आणि प्रतिपक्षाने त्याची थोरवी गावी, असा हा विपरीत देखावा! न्यायाधीश कीनन ह्यांनी मे १९८६ मध्ये दावा भारताकडे परत पाठविला. पोलॉकच्या मसुद्यास त्या साली बरोबर शंभर वर्षे होत होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील ओलियम वायूच्या गळतीच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती ह्यांच्या मुखाने नवा नियम सांगितला. घातक उद्योग चालविणारा अपायास पूर्णपणे जबाबदार; रायलँड्झच्या नियमास असलेले अपवादही त्यास मोकळे नाहीत; आणि भरपाई उद्योगाच्या ऐपतीच्या मानाने. म्हणजे पोलॉकला जो नियम कठोर वाटला त्याहून कठोर नियम त्याच्या मसुद्याच्या शताब्दीस ह्या देशाने स्वीकारला. तलावांच्या देशात त्याचे म्हणणे योग्य होते. वायूच्या टाक्यांच्या देशात ते अपुरे पडले. संहिता असती तर कदाचित तिचे कलमच ह्या निकालाच्या आड आले असते, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. तरीही भोपाळच्या पीडितांच्या वाट्यास त्यातून काय आले? १९८९ साली सत्तेचाळीस कोटी डॉलरांची तडजोड झाली, आणि नव्या नियमाची कसोटी त्या दाव्यात लागलीच नाही.

आमचे मत विचाराल तर ते असे आहे. पोलॉकच्या ग्रंथाने न्यायाधीश शहाणे केले, परंतु लोकांस शहाणे करण्याचे काम ग्रंथाचे नव्हते, ते संहितेचे होते. कोकणच्या समुद्रकिनाऱ्यावर पडून मांडी मोडलेला एक वीस वर्षांचा तरुण १९५३ साली पुण्यात उपचार चालू असताना दगावला. पुरेशी भूल न देता हाड ओढून बसविले, असा दावा बापाने लावला. तीन हजार रुपयांची भरपाई कायम होण्यास १९६८ साल उजाडले व प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. असा बाप लाखांत एक. सरकारी नोकराच्या हयगयीबद्दल सरकारने भरपाई द्यावी, असा कायदा करण्याची शिफारस सेटलवाड ह्यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १९५६ साली आपल्या पहिल्याच अहवालात केली. त्यानंतर आलेली विधेयकेही पोलॉकच्या मसुद्याच्याच वाटेने गेली. वाहनांचे अपघात, ग्राहकांची हानी ह्यांसाठी स्वतंत्र कायदे झाले, आणि लोक ते वापरतातही. जेथे लिहिलेला कायदा आहे तेथे लोक हक्क मागावयास शिकतात, हेच त्यातून दिसते.

अध्यापकाच्या आयुष्याचे माप कशाने घ्यावे, हा प्रश्न आम्हांस स्वतःस अलीकडे वारंवार पडतो. पोलॉकने दोन गोष्टी दिल्या. एक विद्वानांनी घेतली. दुसरी, जी सामान्यांसाठी होती, ती परिशिष्टात राहिली. तो दोष त्याचा नव्हे. ज्यांच्यासाठी त्याने लिहिले त्यांच्या भाषेत ते नेऊन पोहोचविणे हे काम आम्हां अध्यापकांचे होते, आणि ते आम्ही केले नाही. आमचे शेजारी पुढे काठी टेकीत हिंडू लागले. दाव्याची गोष्ट आम्ही त्यांजपाशी काढली तेव्हा मुदत निघून गेली होती. ते हसून म्हणाले, 'अहो प्रोफेसर, हे आधी कोणी सांगितले असते तर!' ह्या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.